अकराव्या अध्यायातली शिट्टी

पॉलिशचं चाक गरगर फिरत असतानाच कारागिराने पायाने बटण दाबून ते बंद केलं, हातातली कवळी पाण्याच्या भांड्यात सोडली आणि कोपराने फोनकडे खूण केली.

"ताई, मागे घे जरा. अर्धं मिनिट."

त्याची थोरली बहीण समोरच्या टेबलाशी खोक्यांवर नंबर चिकटवत बसली होती. तिने बोटाचा डिंक पुसला आणि फोनवर चाललेलं पुस्तक अर्धं मिनिट मागे घेतलं. पुलाच्या गोष्टीचा अकरावा अध्याय चालू होता. पूल बांधणारा मुकादम काठावर बसून पाण्याची उंची मोजत होता, आणि वाचणारा सांगत होता की सात दिवसांत सहा वेळा पाणी सरसर चढलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं की. पाणी वाढतंय."

"पाण्याचं सोड. 'सात' कसं म्हणतोय ते ऐक. 'सहा' ऐक. शिट्टी वाजतेय." कारागीर मान तिरकी करून ऐकत राहिला. "दात बदलले याने. वरची कवळी नवी आहे."

ताईने कपाळाला हात लावला. "आता तुला फोनमधूनही लोकांचे दात दिसायला लागले?"

"दिसत नाहीत. ऐकू येतात."

ही काही फुशारकी नव्हती. सव्वीस वर्षं तो कवळ्या करत होता. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेत, त्यावरून ओतलेला प्लास्टरचा जबडा नंबर टाकलेल्या खोक्यातून त्याच्याकडे येई, आणि दात बसवून झाले की जबडा फळीवर ठेवून कवळी त्याच खोक्यातून परत जाई. माणूस कधी समोर येत नसे. हजारो तोंडं त्याच्या हाताखालून गेली, पण त्यातला एक चेहरा ओळख म्हटलं तर त्याला ओळखता आला नसता. फोनमधल्या वाचणाऱ्यांचंही तेच, नुसता आवाज, चेहरा नाही. तेव्हा आवाज कानावर पडला की आतलं तोंड कसं असेल ते हा मनात जुळवत बसे. खोड म्हणा हवं तर.

पुस्तकं ऐकायचा नाद लावला तो ताईने. टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर घरात बसून काय भिंती मोजायच्या, म्हणून ती भावाच्या कारखान्यात येऊ लागली. कारखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत प्लास्टर, दुसरीत बाकी सगळं. रेडिओवर तीच तीच गाणी ऐकून ती कंटाळली आणि एक दिवस फोनवर ऐकायच्या पुस्तकांचं ॲप घेऊन आली. तेव्हापासून दोघं मिळून ऐकत आणि मिळून भांडत. ताई गोष्ट ऐके, कारागीर तोंड ऐके. पुस्तक संपलं की तो अभिप्राय सांगे आणि ती लिहून घेई, कारण याचे हात सदा प्लास्टरने बरबटलेले. खातं तिच्या नावाचं होतं, त्यामुळे जगाच्या दृष्टीने एवढी तिखट जीभ ताईची होती. याचा तिला रागही होता आणि, खरं सांगायचं तर, थोडी मजाही वाटे.

गेल्या दोन-तीन महिन्यांतले अभिप्रायच बघा. समुद्रप्रवासाचं एक अठरा तासांचं पुस्तक कुणा नटाने वाचलं होतं. त्यावर कारागिराने सांगितलं, "गोष्ट चांगली. पण वादळ आलं की हा माणूस स्वतःच वादळ होतो. बोट बुडायच्या आधी आम्ही बुडालो. तीन तारे." ताईने त्याच पुस्तकाला दोन रुमाल ओले केले होते. ती म्हणाली, चार दे. दिले नाहीत. मग एक खुनाची गोष्ट झाली, एका मुलीने वाचलेली. "वाक्याचा शेवट गिळते. खुनी कोण ते तिचं तिलाच माहीत. दोन." यशस्वी कसं व्हावं हे सांगणारा एक इसम आला. त्याचं पहिलं प्रकरण संपायच्या आत कारागीर म्हणाला, "पुस्तकाला एक. वाचणाऱ्याचे बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे आहेत, त्याबद्दल आणखी एक." आणि मधमाश्या पाळणाऱ्या एका म्हातारीने आपलं पुस्तक आपणच वाचलं होतं. आवाज सपाट, खालचे दोन दात पडलेले. ते मात्र याने चाक बंद ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "एक अक्षर खोटं नाही. चार."

पाचवा तारा त्याने आजवर एकालाच दिला होता. हा पुलाची गोष्ट वाचणारा. दर सोमवारी एक अध्याय येई. वाचणाऱ्याचं नाव ॲपवर होतं, पण हे दोघं त्याला 'मास्तर' म्हणत, कारण तो शाळेतल्या एखाद्या चांगल्या मास्तरासारखं वाचे. घाई नाही, लाडीगोडी नाही, रडायची जागा आली की स्वतः बाजूला सरे आणि ऐकणाऱ्याला पुढे करी. सोमवारी अकरा वाजले की ताई फोन मधल्या टेबलावर ठेवी आणि कारागीर आवाज न करणारं काम काढून बसे. मेणात दात लावणं, वळण देणं, असलं काहीतरी. मास्तर त्याला मनापासून आवडत. म्हणूनच अकरावा अध्याय ऐकून त्याचं डोकं फिरलं.

"लिही," तो म्हणाला. "पहिल्या दहा अध्यायांना पाच तारे. अकराव्याला तीन. वाचणाऱ्याचा दोष नाही. त्याचा दम शाबूत आहे, जीभ शाबूत आहे. दोष वरच्या कवळीचा आहे. सहज सुटणारा 'स' शिट्टी होऊन सुटतो. ज्याने ही कवळी केली, त्याचे हात एकदा कुणीतरी तपासून पाहावेत."

ताईने लिहिलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"शेवटचं वाक्य काढते."

"राहू दे. असल्या लोकांमुळे धंद्याचं नाव जातं."

"मग चार तरी दे. माणूस आपला आहे."

"आपला आहे म्हणूनच तीन."

तिने नाक मुरडलं आणि पाठवून दिलं.

एरवी त्यांच्या अभिप्रायाकडे कुत्रंही फिरकत नसे. या वेळी दोन दिवसांत चारशे लोकांना तो आवडला. खाली एकेकाने भर घातली. मलाही खटकत होतं, मला वाटलं माझा फोनच बिघडला, म्हातारपणी माणसाने थांबायला शिकावं. कुणीतरी 'शिट्टीमास्तर' असं नाव ठेवलं आणि ते चिकटलं. कवळीचं सगळे विसरले, शिट्टी तेवढी लक्षात राहिली.

पुढच्या सोमवारी अकरा वाजता ताईने फोन टेबलावर ठेवला. बारावा अध्याय सुरू झाला आणि एक तरुण आवाज बोलू लागला. त्याआधी दोन ओळींची सूचना होती, श्रोत्यांच्या अभिप्रायांची दखल घेऊन यापुढचं वाचन नव्या आवाजात. मुलगा वाईट वाचत नव्हता. दात पक्के, 'स' स्वच्छ, सगळं जिथल्या तिथे. तीन मिनिटं ऐकून कारागिरानेच फोन बंद केला, फोनवर प्लास्टरचं बोट उमटवून.

ताईने तो ठसा पुसून काढला. मग म्हणाली, "एका माणसाचं काम घालवलंस."

"मी कवळीबद्दल लिहिलं होतं."

"लोकांनी माणसाबद्दल वाचलं."

त्याने चाक सुरू केलं, तेवढाच आवाज. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की तो जास्त काम करी. पुढच्या दोन दिवसांत त्याने आठवड्याचं काम उरकलं. अभिप्राय काढून टाकू का, असं ताईने विचारलं, पण काढून आता काय होणार होतं? घंटा तर वाजून गेली होती.

गुरुवारी ताई दवाखान्यांची फेरी करून आली. नव्या मापांची खोकी तिने एका बाजूला लावली आणि एक खोकं त्याच्यासमोर ठेवलं.

"डॉक्टरीणबाईंनी परत पाठवलंय."

परत आलेलं खोकं म्हणजे त्याच्या नाकाला मिरची. वर्षातून एखादंच येई. त्याने झाकण काढलं. आत वरची कवळी होती आणि डॉक्टरीणबाईंच्या किरट्या अक्षरातली चिठ्ठी. "दोनशे सतरा. 'स', 'श' म्हणताना शिट्टी. बसते उत्तम, तक्रार फक्त उच्चारांची. पेशंट पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, काम थांबलं आहे. कृपया लवकर."

त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. मग कवळी उचलून अंगठा आतून, पुढच्या दातांच्या मागे फिरवला.

गुळगुळीत होतं.

आता हे जरा सांगायला हवं. आपल्या टाळूवर पुढच्या दातांच्या मागे बारीक वळ्या असतात. जिभेला चाचपडून आपली जागा तिथे सापडते. बरेच कारागीर कवळीची ती जागा सपाट सोडतात, चालून जातं. हा सोडत नसे. मेणाचा शेवटचा हात फिरवताना तो तिथला भाग पातळ करी आणि एकेक वळी कोरून काढी. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी त्याबद्दल कधी बरं म्हटलेलं नव्हतं, पण सव्वीस वर्षांत एकही कवळी त्याशिवाय बाहेर गेली नव्हती. ही गेली होती. आतून जाड आणि सपाट, चमच्याच्या पाठीसारखी.

"ताई, ही मी केलेली नाही," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच कवळीच्या कडेला कोरलेली आपली बारीक खूण त्याला दिसली.

ताईने खोक्यावरची तारीख पाहिली. बोटं मोजली. टेलिफोनच्या ऑफिसातली बाई ती, तारखा तिच्या डोक्यात पक्क्या.

"तो सोमवार होता. नववा अध्याय."

"कुठला नववा?"

"मुकादमाचा धाकटा भाऊ पाण्यात जातो तो. तू मेण हातात घेऊन उभा राहिला होतास. मी म्हटलं, बस, तर बसला नाहीस. अध्याय संपल्यावर म्हणालास, काय वाचतो हा माणूस. आणि उचलून तसंच पुढच्या कामाला ठेवलंस."

कारागीर स्टुलावर बसला. फळीवर जुने जबडे ओळीने मांडलेले होते. हात लांब केला असता तर दोनशे सतरा नंबरचा जबडा त्याला मिळाला असता. तो महिनाभर इथेच होता, फोनपासून दोन हातांवर.

"त्याचंच ऐकत बसलो," तो म्हणाला, "आणि त्याचेच दात बिघडवले."

"हो," ताई म्हणाली. तिने फोन उचलून त्याच्यासमोर ठेवला.

थोड्या वेळाने त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. कवळी उद्यापर्यंत होईल, पण पेशंटला इकडे पाठवा, असं म्हणाला.

"तुमच्याकडे? अहो, तुम्ही तर कधी कुणाला पाऊल ठेवू देत नाही."

"मला ऐकायचंय. ऐकल्याशिवाय देणार नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण पाठवते म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी त्याने आतला जाड भाग घासून पातळ केला. मग त्याच रंगाचं प्लास्टिक थेंबाथेंबाने सोडून एकेक वळी उठवली, सुकू दिली, कोरली. फोन बंद होता. ताईने विचारलंही नाही.

अकरा वाजता मास्तर आले. दोघांनी मनात उंच, रुंद खांद्यांचा माणूस धरला होता. दारात उभा होता तो बुटका, हातात कापडी पिशवी, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. तोंडात चौदा वर्षांची जुनी कवळी होती. ती मधोमध तडकली होती आणि डिंकाने चिकटवली होती. तिच्यामुळे ते ओठ फार उघडत नव्हते. पण "आत येऊ का?" एवढं ते म्हणाले आणि ताई उठून उभी राहिली. आवाज तोच होता. तिने खुर्ची दोनदा पुसली, तरी प्लास्टर राहिलंच.

"तुम्हाला त्रास दिला," मास्तर म्हणाले. "पण मला घाई आहे. उद्या ॲपवाल्यांना एक नमुना पाठवायचाय. स्वच्छ आला तर पुलाचे उरलेले आठ अध्याय परत मला देणार आहेत. नाहीतर त्या मुलाकडेच राहतील. तोही चांगला वाचतो."

"बरा वाचतो," कारागीर म्हणाला.

मास्तरांनी पाठ फिरवून जुनी कवळी काढली, नवी बसवली. दोनदा आवंढा गिळला. जीभ आत फिरत असलेली गालावरून दिसत होती. ती पुढच्या दातांमागे थांबली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"काहीतरी वाचा," कारागीर म्हणाला. ताईने वर्तमानपत्र पुढे केलं.

"नको. मला एक पाठ आहे." मास्तर सरळ बसले. हात मांडीवर ठेवले. आणि कुणालाही घाई नसल्यासारखं त्यांनी सुरू केलं. "पहिल्या दहा अध्यायांना पाच तारे. अकराव्याला तीन. वाचणाऱ्याचा दोष नाही. त्याचा दम शाबूत आहे, जीभ शाबूत आहे. दोष वरच्या कवळीचा आहे. सहज सुटणारा 'स' शिट्टी होऊन सुटतो. ज्याने ही कवळी केली, त्याचे हात एकदा कुणीतरी तपासून पाहावेत."

ताई मान खाली घालून डिंकाच्या बाटलीचं झाकण लावत राहिली. ते केव्हाच लागलेलं होतं.

"माझ्यावर कुणीतरी लिहिलेलं आहे," मास्तर म्हणाले. "शेवटची ओळ मनावर घेऊ नका. लोक लिहितात. तुम्हाला ऐकवायची म्हणून नाही म्हटली, मला दुसरं काही इतकं पाठ नाही, एवढंच." ते जरा थांबले. "माझ्या थोरल्या भावाची वाचा गेली ना, तेव्हा सुरुवात अशीच झाली होती. आधी एक-दोन अक्षरं निसटायला लागली. ही शिट्टी सुरू झाली तेव्हा मला वाटलं, आता माझी पाळी. घरात बोललो नाही कुणाशी. मुलीचे फोन घेईनासा झालो. मग हे वाचलं. जीभ शाबूत आहे. कोण कुठला माणूस, पण इतक्या खात्रीने लिहितोय म्हटल्यावर उठलो आणि डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काम त्याच्यामुळे गेलं हे खरं. पण झोप लागायला लागली तीही त्याच्यामुळेच."

कारागिराला आता गप्प बसता आलं असतं. मास्तर खूश होते, कवळी बसली होती, आणि खातं ताईच्या नावाचं होतं. त्याने हात पँटला पुसले. मग दोन्ही हात टेबलावर, दिव्याखाली, उताणे ठेवले.

"घ्या," तो म्हणाला. "तपासा."

"अहो, म्हटलं ना, मनावर..."

"तुमचा नववा अध्याय चालू होता. मुकादमाचा भाऊ गेला, आणि माझं शेवटचं काम राहून गेलं. कवळी माझी, चूक माझी. आणि लिहिणाराही मीच."

मास्तर त्या हातांकडे बघत राहिले. नखांत प्लास्टर, अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग.

"तारे याने दिले," ताई घाईघाईने म्हणाली. "मी चार म्हणत होते."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चेहऱ्यावर काय चाललं होतं ते कारागिराला उमगेना. चेहरे वाचायची सवय त्याला नव्हती. तो त्यांच्या श्वासाकडे कान लावून बसला. श्वास आधी अडला, मग हळूहळू मोकळा झाला.

"नवव्यात," मास्तर म्हणाले, "भाऊ जातो तिथे मी दोनदा थांबलो होतो. एकदाच थांबायला हवं होतं असं मला नंतर वाटत राहिलं."

"नाही. दोनदाच बरोबर आहे."

"असं?" ते खुर्चीत जरा मागे टेकले. "आणि आत्ताच्या वाचनाला किती?"

"अरे, आता तरी," ताई पुटपुटली.

कारागिराने डोळे मिटले. मघाचं सगळं त्याने पहिल्या शब्दापासून पुन्हा मनात ऐकलं.

"चार," तो म्हणाला.

"एक कुठे गेला?"

"'शाबूत'मधला 'श'. दोन्ही वेळा किंचित घासला. तिसरी वळी अजून जरा खाली घ्यायला हवी."

मास्तरांनी तोंडातल्या तोंडात 'शाबूत' म्हणून पाहिलं. पुन्हा एकदा म्हणाले. मग मान डोलावली. कारागिराचा टेबलावरचा हात अजून उताणाच होता. ते पाठ वळवायला विसरले. त्यांनी सगळ्यांसमोरच कवळी काढली आणि त्या हातावर ठेवली.